विसर्गकाका

परवा एका लग्नात काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अरे, तुझे काका कुठे दिसले का? शेवटची पंगत बसतेय.” मी काही न विचारता कार्यालयाच्या दाराकडे गेलो. दाराच्या दोन्ही बाजूंना पितळी रंगाच्या मोठ्या कुंड्यांत रुंद पानांची हिरवीगार झाडं ठेवली होती आणि डावीकडच्या कुंडीपाशी काका उकिडवे बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, खांद्यावर अक्षता, आणि उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांपर्यंत कुंडीत. शेजारी नवऱ्या मुलाचे मामा हातात नारळ घेऊन अवघडून उभे.

“थर्माकोल आहे,” काका वर न बघता म्हणाले. आवाज असा, की जणू मुलीकडच्यांनी त्यांनाच फसवलंय.

“काका, झाडच प्लॅस्टिकचं आहे.”

“ते कळलं मला. पण म्हणून पानांवर एवढी धूळ?” असं म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला, प्लॅस्टिकच्या पानाला खालून तळहाताचा आधार दिला आणि देठापासून टोकाकडे ते पुसायला घेतलं.

काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले त्याला आता बारा वर्षं झाली. बहुतेक नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर गेली. आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावरची. पावसाळा लागला की काका रोज संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर धरणांचे आकडे टाकतात, मुठेत किती विसर्ग सोडला ते सांगतात, आणि नदीकाठच्या रस्त्यावर गाडी लावू नका म्हणून बजावतात. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव विसर्गकाका ठेवलं. काकांना ते माहीत आहे. आवडतंही, असा माझा संशय आहे.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, या चार धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या वर. त्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यात उभा जन्म काढलेला हा माणूस आज आठवड्याला ४०० मिलिलिटर पाण्याचा हिशेब लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहितो. मी एकदा गंमत म्हणून गणित केलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे एका क्युसेकच्या एका सेकंदात काकांचं झाड सत्तर आठवडे जगलं असतं. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ते मनातल्या मनात तपासलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण गळती धरली नाहीस.”

झाड एकच आहे. मॉन्स्टेरा डेलिसिओसा. काका नेहमी पूर्ण नाव घेतात, आडनाव गाळलं तर झाडाला राग येईल अशा बेताने. मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडावर चढत वर जातं, पुण्यात ते काकांच्या दिवाणखान्यात काथ्या गुंडाळलेल्या पाइपावर चढतं. पानं ताटाएवढी, कडेपासून आत चिरत गेलेली, मधल्या शिरेजवळ भोकं पडलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की अळीने खाल्लं. आमच्या वॉचमननेही तेच म्हटलं होतं. “साहेब, किडं लागल्यात, फवारा.” तेव्हा काकांनी त्याला वीस मिनिटं उभं करून मॉन्स्टेराचा सगळा जीवनक्रम सांगितला. तो बिचारा आता काकांच्या तिसऱ्या मजल्यावर लाइट मीटर बघायला जाताना चपला हातात घेऊन जातो.

काकूंचं या झाडाबद्दलचं मत पहिल्या दिवसापासून एकच आहे. “अळूच आहे हे. वडी होत नाही, फदफदं होत नाही, मग उपयोग काय?”

खरी पंचाईत अशी, की काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. मॉन्स्टेरा, अळू, सुरण आणि स्वयंपाकघरातला मनीप्लांट हे सगळे एकाच कुळातले, चुलत-मावस. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली की घसा खवखवतो, तो पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. त्याच सुया मॉन्स्टेराच्या पानांतही असतात. काकांनी ही माहिती मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितली आणि तेव्हापासून पस्तावताहेत. कारण आता कुणी पाहुणा कौतुकाने पानाला हात लावायला गेला की काकू आतून ओरडतात, “खाजरं आहे हो ते!” काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते मी फक्त मुलीला नकार देणाऱ्या स्थळासमोर बसलेल्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

असा एक माणूस तुमच्याही नात्यागोत्यात असणारच. तुमच्या घरी येतो तो तुमच्याकडे बघायच्या आधी कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघतो. चहा येईपर्यंत त्याने ती कुंडी टीव्हीशेजारून उचलून खिडकीशी नेलेली असते, आणि तुमचा टीव्ही कुठे ठेवायचा हा प्रश्न त्याच्या लेखी उरलेला नसतो. तुमच्या आजाराची चौकशी तो करतो, पण उत्तर ऐकताना त्याचे डोळे पिवळ्या पडलेल्या पानावर असतात. जाताना तुम्हाला सांगतो, “जप.” ते तुम्हाला उद्देशून नसतं.

काकांची चार-पाच वाक्यं ठरलेली आहेत. “उजेड हवा, ऊन नको. ओल हवी, चिखल नको,” हे पहिलं. हे ते इतक्या ठामपणे म्हणतात, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. दुसरं, “झाड तहानेने क्वचित मरतं, मायेने मरतं.” आणि सगळ्यात लाडकं, “बोट खुपसून बघितलंस?” तुम्ही काहीही तक्रार करा, पान पिवळं पडलंय, टोकं करपलीत, नवीन पान येत नाही, काकांचा पहिला प्रश्न तोच. तर्जनी दोन पेरं मातीत घालायची. माती बोटाला चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर द्यायचं, तेही पोटभर, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग बशीत साठलेलं ओतून टाकायचं. “रोज घोट-घोट पाजणं म्हणजे कालव्याच्या वरच्या तोंडाला पाणी आणि शेपटाला ठणठणाट. खालच्या मुळांपर्यंत पोचायला नको?”

या बोटाला इतिहास आहे. आधी काका बोटाच्या विरोधात होते. बोट हे मोजमाप नव्हे, असं त्यांचं अभियंत्याचं मत. म्हणून ते वजनाच्या काट्यावर कुंडी कवेत घेऊन उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. कुंडी साडेआठ किलोच्या खाली गेली की पाणी. काकांचं वजन ६८, हे एकदा धरलेलं ते धरलेलं. पुढे दिवाळी आली. काकूंच्या हातच्या चकल्या, करंज्या, आणि साडूंकडून आलेला मोतीचुराचा डबा. काका ७० वर गेले, वजाबाकी ६८ ची राहिली. कुंडी वाढत्या वजनाने ओलीच्या ओली दिसत राहिली. देवदिवाळीपर्यंत झाडाने मान टाकली. काकू म्हणाल्या, “लाडू तुम्ही खाल्ले आणि उपास त्याला घडला.” तेव्हापासून काटा न्हाणीघरात गेला आणि बोट आलं.

पाणी द्यायची बाटली हे एक वेगळं प्रकरण आहे. काचेची जुनी रुंद तोंडाची बाटली, बाहेरून लाल ऑइलपेंटने आखलेली पट्टी. तळाला ‘मृत साठा’, त्याच्या वर ‘उपयुक्त साठा’. नळाचं पाणी आदल्या रात्री त्यात भरून उघडं ठेवायचं. प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी काकूंनी एकदा दिलं तर काकांनी दोन दिवस अबोला धरला. त्यात क्षार एकवटलेले असतात, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरही आहे. पण अबोला जरा जास्त झाला. वर्षाचेही भाग पाडलेत. मार्च ते मे उन्हाळी आवर्तन, दर पाचव्या-सहाव्या दिवशी. जूनपासून पाळी लांबते. थंडीत तर दहा-बारा दिवस कालवा बंद. सकाळच्या चहाला काका-काकूंची जी वादावादी चालते तिला आम्ही कालवा समितीची बैठक म्हणतो. “पाणी सोडा हो, सुकलंय ते,” हे काकूंचं निवेदन. “टंचाई नाही, मागणी खोटी आहे,” हा काकांचा शेरा. एकदा वैतागून काकू म्हणाल्या, “आता त्याच्याकडून पाणीमागणीचा सात नंबरचा अर्जच भरून घ्या.”

काकूंच्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, हीच या झाडाची सगळ्यात मोठी अडचण आहे. खरं तर हे तिसरं झाड. पहिलं काकांनी उरळी कांचनच्या बाजूच्या एका रोपवाटिकेतून आणलं. काका वहीप्रमाणे पाणी देत होते. काकू वहीत न लिहिता देत होत्या. भांडी घासून झाली की तांब्यातलं उरलेलं, तांदळाचं धुवण, कधी देवाचं तीर्थसुद्धा. “येता-जाता दोन घोट दिले, काय बिघडलं? घरात वाढलेलं लेकरू ते.” दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडली. काकांना वाटलं खत कमी पडतंय. खोड बुंध्याशी मऊ लागलं तेव्हा त्यांनी कुंडी उलटी केली. मी तिथेच होतो. मुळं पांढरी आणि कडक असायला हवीत. ही तपकिरी झालेली, शिजलेल्या शेवयांसारखी. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आत दोऱ्याएवढा तंतू उरायचा. आणि वास, पावसाळ्यात गटारात आठवडाभर पडलेल्या पोतेऱ्याचा. “मूळकूज,” काका एवढंच म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला. त्यांनी तेव्हाही कबूल केलं नाही, अजूनही केलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जाऊ लागलं.

दुसरं झाड कशाने गेलं हा त्या घरात काढायचा विषय नाही.

आणि या सगळ्या शास्त्राच्या नाकावर टिच्चून स्वयंपाकघराच्या खिडकीत काकूंचा मनीप्लांट आहे. लोणच्याच्या बरणीत, नुसत्या पाण्यात. ते पाणी शेवटचं कधी बदललं हे काकूंनाही सांगता येणार नाही. फोडणीचा धूर, गॅसची धग, कुकरची वाफ, सगळं सोसून तो खिडकीच्या गजावरून चढत फळीवरच्या डब्यांपर्यंत पोचलाय. काकूंच्या मते त्याचं एकच कारण, तो चोरून आणलाय. जावेच्या बाल्कनीतून, हळदीकुंकवाच्या दिवशी, ब्लाउजच्या बाहीत लपवून. “मागून आणलेला लागत नाही, चोरलेलाच लागतो.” काका यावर दात-ओठ खातात. मनीप्लांटच्या खोडावर पेराशी मुळाचा डोळा असतो, तो पाण्यात बुडाला की मुळं फुटतात, त्याला चोरीची गरज नाही, हे त्यांनी आकृती काढून दाखवलंय. मूळचा तो ताहितीजवळच्या मूरेआ बेटावरचा, हेही सांगून झालंय. काकू म्हणतात, “मग तिथूनही कुणीतरी चोरूनच आणला असणार.” यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

रोज सकाळी साडेआठला पानं पुसायचा कार्यक्रम. काकूंच्या जुन्या वायलच्या साडीचा मऊ तुकडा, कोमट पाणी. डावा तळहात पानाखाली, उजव्या हाताने वरून एकच फेर. पानाची पाठही पुसायची, कारण किडीचं घर पाठीवर. खोबरेल तेल लावून पानं चकचकीत करणाऱ्या लोकांबद्दल काका जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. दर रविवारी कुंडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फिरवायची. झाड उजेडाकडे वळत जातं, एकाच अंगाने वाढतं, म्हणून. चूक होऊ नये यासाठी बशीच्या कडेला नेलपॉलिशचे चार ठिपके आहेत. पुसता-पुसता काका झाडाशी बोलतात. विषय घरगुती असतात, पेन्शनचा फरक, गुडघा, कधी इंदापूरचं शेपटाचं पाणी. मी हसलो की जगदीशचंद्र बोस काढतात. त्यांचा क्रेस्कोग्राफ झाडाची वाढ दहा हजार पटीने मोठी करून दाखवायचा. “दहा हजार पट! आणि तू हसतोस.”

बोस संपले की नासा येते. घरातल्या झाडांनी हवा शुद्ध होते असं नासाने सिद्ध केलंय, हे काकांनी दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय. मी जरा वाचून गेलो. काकांना म्हटलं, नासाचा तो अभ्यास १९८९ सालचा, प्रयोग बंद पेटीत केलेला. २०१९ मध्ये काही संशोधकांनी जुने सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब केला. दारं-खिडक्यांतून जेवढी हवा आपोआप बदलते तेवढी शुद्ध करायला झाडांना जमायचं असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. काका वही उघडून बसले. दिवाणखाना १५ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी दीडशे. मला वाटलं, आता हा विषय मिटला. काका बराच वेळ भिंतींकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “दीडशे... मांडण्या केल्या तर बसतात रे.” स्वयंपाकघरातून आवाज आला, “मग मी नाही बसत.”

एकदा पिठ्या ढेकूण आला. पानाच्या काखेत कापसाचा बारीक पुंजका दिसला आणि काकांनी घरात साथ जाहीर केली. कुंडी पाहुण्यांच्या खोलीत हलवली. त्याच दिवशी सोलापूरहून साडू आले होते, ते चार रात्री हॉलमधल्या दिवाणावर झोपले. काका डोळ्याला भिंग लावून, कान कोरायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक ढेकूण टिपत होते. नंतर निंबोळी तेलाची फवारणी. घरभर असा वास, की काकूंनी दोन दिवस लसणाची फोडणी दिली तरी तो दबला नाही. साडूंनी जाताना विचारलं, “पेशंट कसा आहे?” काका मनापासून म्हणाले, “तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.”

आता माझी गोष्ट सांगायलाच हवी.

गेल्या वर्षी मेमध्ये काका-काकू लेकीकडे न्यू जर्सीला गेले, बाळंतपणासाठी, चार महिने. झाड माझ्याकडे. ते द्यायला काका स्वतः आले. कुंडी ढकलगाडीवर, वर ओली चादर, मागे काकू, हातात सूचनांची वही. बारा पानं. पहिल्या पानावर माझ्या फ्लॅटचा नकाशा, त्यात कुंडीची जागा फुलीने दाखवलेली, खिडकीपासून चार फूट. पाचव्या पानावर ‘उन्हाळी आवर्तन’. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ. ‘शंका आल्यास पाणी देऊ नये.’

रोज सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे दहा. लेकीकडे मुलगी झाली, ती मी पाहिली ती एका कॉलच्या शेवटच्या मिनिटात, तेही काकूंनी फोन हिसकावून घेतला म्हणून. बाकीचा वेळ मी फोन घेऊन कुंडीभोवती प्रदक्षिणा घालत असे. “खाली घे. आता पाठ दाखव. हं. बोट खुपसलंस?” मी कॅमेऱ्यासमोर बोट खुपसून दाखवायचो, कोरडं बोट वर करायचो. त्या काळात माझ्या तर्जनीचं नख कायम काळं होतं आणि ऑफिसात लोक मला हात मिळवायचे टाळत.

जुलैत नवीन पान आलं. मॉन्स्टेराचं नवीन पान जुन्या पानाच्या देठाच्या खोबणीतून बाहेर येतं, घट्ट गुंडाळलेलं, सुरळीच्या वडीसारखं. रंग पोपटी, इतका कोवळा की त्यातून उजेड आरपार दिसतो. काकांनी तिकडे पेढे वाटले. मग ते पान दोन दिवसांत उघडेल म्हणून आम्ही सगळे वाट बघू लागलो. तीन दिवस झाले, पाच झाले. सहाव्या दिवशी बाहेरची कड सुटली, टोक मात्र अडकलेलंच. त्या संध्याकाळी मी एकटा होतो, चहा पीत होतो, आणि मला त्या पानाची दया आली. वाटलं, जरा मदत करावी. अंगठ्याने कड अलगद उलगडली. एक वळण आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि पान कडेपासून मधल्या शिरेपर्यंत फाटलं.

मी कप खाली ठेवला. फाटलेले दोन भाग जुळवून बघितले. सेलोटेप लावायचा विचारही मनात आला, खोटं कशाला बोलू. मग सुचलं, हे तर मुळातच चिरांचं पान आहे. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. उजवीकडे एक जास्त झाली तर मोजतंय कोण?

सकाळी पान पूर्ण उघडलेलं होतं. मी उत्साहाने कॅमेरा धरला. “काका, बघा! डावीकडे सहा, उजवीकडे सात!” काका बघत राहिले. “जरा जवळ घे,” म्हणाले. मी घेतलं. “हं.” मग दोन क्षण कुणीच बोललं नाही, मागे बाळ रडत होतं. शेवटी काका म्हणाले, “खडकवासल्यातून विसर्ग सुरू केला का रे?”

सप्टेंबरात ते परत आले, जेट लॅग अंगात असतानाच झाड न्यायला खाली उतरले. बॅगा उघडायच्या होत्या. बोट खुपसलं, मान डोलावली, बशी बघितली, पुन्हा मान डोलावली. मग त्या पानापाशी आले. नैसर्गिक चिरेच्या कडेवरून बोट फिरवलं, मग सातव्या चिरेच्या. तिची कड जळक्या कागदासारखी तपकिरी होऊन वाळली होती.

“पान गुंडाळलेलं असतं ना, तेव्हाच त्या जागच्या पेशी आपणहून मरतात,” काका म्हणाले. “म्हणून भोक पडतं. झाड स्वतः कापतं तेव्हा कडेला टीप घालून ठेवतं. बघ, कशी गुळगुळीत आहे. आणि ही बघ.”

मी काही बोललो नाही. काकूच मधे पडल्या. “अहो, त्याने मदत करायला बघितलं असेल.” आणि माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, “मलाही नाही राहवत रे.”

मी म्हटलं, “काका, ते पान कापून टाका. शोभा जाते झाडाची.”

“का? अन्न करतंय की ते अजून,” काका म्हणाले, आणि कुंडी ढकलगाडीवर चढवली.

ते पान अजून आहे. दर रविवारी काका कुंडी पाव फिरवतात, तेव्हा चार रविवारांत एकदा ते फाटकं पान बरोबर सोफ्यासमोर येतं. त्या रविवारी सकाळी दहाला काका मला न चुकता चहाला बोलावतात.